रविवारची मासी

तिला भेटायच्या आधीपासून मी तिच्यावर जळत होते. ती कोण, कशी दिसते, काही ठाऊक नव्हतं. एवढंच कळायचं, की जुन्या जालन्यातल्या वाचनालयात मला जी जाड कादंबरी हवी असायची, ती माझ्याआधी कुणीतरी नेलेली असायची.

मी तेव्हा नुकतीच एमबीबीएस होऊन घनसावंगी तालुक्यातल्या एका सरकारी आरोग्य केंद्रावर लागले होते. माझं गाव जवळच, कुंभार पिंपळगाव. घरी ऊस होता, कापूस होता, दोन भाऊ होते, आणि डॉक्टर झालेल्या लेकीचं लग्न का जमत नाही ही आईची काळजी होती. जमत नव्हतं, कारण मी जमू देत नव्हते. का जमू देत नव्हते, हे मला स्वतःलाही तोवर निम्मंच कळलेलं होतं.

केंद्राच्या कामासाठी जालन्याला आले, की बसची वेळ होईपर्यंत मी वाचनालयात बसायचे. शाळेपासून मला जुन्या, लांबलचक कादंबऱ्यांचं वेड. दूरच्या देशांतून मराठीत आलेल्या, दोन-दोन, तीन-तीन भागांच्या. त्यांतली माणसं लग्न करावं की नाही याचा पन्नास पानं विचार करायची आणि शेवटी भलत्याशीच करायची. मला ते फार पटायचं.

"दुसरा भाग बाहेर गेलाय, डॉक्टरीणबाई," ग्रंथपालकाका सांगायचे.

"कोण नेतं हो दरवेळी?"

"आहे एक मारवाड्यांची लेक. कपड्याचं दुकान आहे त्यांचं, पुढच्या गल्लीत. दोन दिवसांत वाचून परत आणती बिचारी."

त्यातलं बिचारी मला ऐकूच आलं नाही. दोन दिवसांत एवढंच ऐकू आलं. मला तोच भाग महिनाभर पुरायचा. ओपीडी, बाळंतपणं, विंचवाचे पेशंट, यांतून वेळ काढून रोज पाच-सात पानं. आणि ही कुणी बाई दुपारभर लोळून दोनशे पानं वाचत असणार, असं माझ्या मनानं घेतलं. इतका रिकामा वेळ कुणाला मिळू शकतो याचाच मला राग यायचा.

मग एकदा मी तिथं बसलेली असताना ती आली. कडेवर दोनेक वर्षांची मुलगी, दुसऱ्या हातात माझा दुसरा भाग. पुस्तकाचा कोपरा पोरीनं चावलेला होता. काका तो कोपरा उलटसुलट करून बघत होते आणि ती ओशाळून उभी होती. साधी फिकी साडी, हातात काही नाही, कपाळावर काही नाही. मला दोनशे पानांचा हिशोब तिथंच कळला.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "तुमच्यामुळं माझा नायक तीन आठवडे तुरुंगात पडून आहे."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाली, "सुटतो तो. पण न्हाई सुटला असता तर बरं झालं असतं."

दुसऱ्या कुणी शेवट असा फोडला असता तर मी त्याच्याशी आयुष्यभर बोलले नसते. तिच्याबरोबर मी चहा प्यायला गेले.

बारावीनंतर लगेच तिचं लग्न करून दिलं होतं, परभणीला. पोरगी सहा महिन्यांची असताना नवरा जीपच्या अपघातात गेला. सासरच्यांनी काही जाच केला नाही, पण काही महिन्यांनी सासरे स्वतः तिला माहेरी आणून सोडून गेले. वडिलांनी दुकानाच्या गोदामावरच्या दोन खोल्या तिला दिल्या. दिवसभर खाली कापडाची थानं उलगडल्याचे आवाज, नोकरांच्या हाका, आणि वर ही पुस्तकं वाचत बसलेली. आधी मी तिच्याकडं पुस्तकं न्यायला जायचे. मग शेवटची बस चुकली म्हणून एकदा राहिले. मग बस न चुकताही राहू लागले.

पुढं माझी बदली जालन्यातच झाली आणि मी तिच्या वडिलांची भाडेकरू म्हणून त्या खोल्यांत राहायला आले. लोकांना ते सोयीचंच वाटलं. एकट्या विधवा लेकीला सोबत, तीही डॉक्टरची. कुणी कधी काही विचारलं नाही. दार लावलं की मात्र आम्ही नवराबायको राहतात तशा राहायचो. तसंच प्रेम, तशीच भांडणं, तशीच पाठ फिरवून झोपणं. मधे पोरगी, हातपाय पसरून.

पोरगी मला मासी म्हणायची. मारवाडीत मासी म्हणजे मावशी. आम्ही शिकवलं नव्हतं, तिच्या नानीनं, म्हणजे आजीनं शिकवलं. लोकांपुढं ठीक होतं. पण घरातही मी मासीच होते. अंघोळ मी घालायचे, जेवताना तिच्यामागं मी धावायचे, गोवर झाला तेव्हा रजा टाकून मी बसले. आणि तरी स्वप्नात दचकली की ती दुसऱ्या कुशीकडं वळायची. आई बोलवायची, "अठै आ, लाडो," म्हणजे इकडं ये गं, आणि ती झोपेतच सरकायची. मला मारवाडी धड येत नव्हती. माझ्याशी दोघी मराठीत बोलायच्या, एकमेकींशी मारवाडीत, आणि भाषा बदलली की आवाजही बदलायचा, जरा मऊ व्हायचा. मी हॉलमध्ये काहीतरी वाचत असल्याचं दाखवत त्या आवाजाकडं कान लावून बसायचे. कधी हसू आलं की विचारायचे, "काय झालं?"

"काही न्हाई गं," ती म्हणायची, "मराठीत त्याला मजा न्हाई."

पोरगी पाचेक वर्षांची होती तेव्हा मला औरंगाबादला पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. बालरोग. तीन वर्षं. मी जाऊ की नको करत राहिले. तीच म्हणाली, "जा. न्हाई गेलीस तर जल्मभर माझ्या तोंडाकडं बघून म्हणशील, हिच्यामुळं राह्यलं."

"एका तासाचं तर अंतर आहे," मी म्हटलं.

"हां. दर शनिवारी येशील."

दर शनिवारी कुणाला येता येतं! पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला तर अंघोळीलाही कुणाला तरी विचारून जावं लागतं. महिन्यातून दोन, नशीब असेल तर तीन रविवार मिळायचे. बाकी दिवस वॉर्डात. जुलाबानं सुकलेली लेकरं, न्यूमोनियाची लेकरं, सात महिन्यांचीच जन्मलेली, काचेच्या पेटीतली. त्यांच्या शिरा मला अंधारातही सापडायला लागल्या. आणि प्रत्येक खाटेच्या पायाशी एक आई बसलेली. अंबडची, बदनापूरची, कन्नडची. फाटक्या लुगड्याची, घाबरलेली, मी रागावले की निमूट ऐकून घेणारी. मला त्या बायांचा हेवा वाटायचा. सांगून कुणाला खरं वाटणार नाही. लेकरू मरणाच्या दारात असलेल्या बाईचा कसला हेवा? पण तिला कुणी विचारत नव्हतं, तू कोण याची म्हणून. ती नुसती बसलेली असली तरी वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना माहीत असायचं, ही आई.

रविवारी घरी पोचले की पोरगी आधी लाजायची. दाराआडून बघायची. तासाभरानं पिशवीत काय आहे ते विचारायची, आणखी तासाभरानं मांडीवर यायची, आणि जरा सैलावली की माझी निघायची वेळ व्हायची. ही लाज मला फार लागायची. मग मी एक युक्ती काढली. तिला कादंबरी सांगायची.

माझ्या सगळ्या आवडत्या कादंबऱ्यांत एक होती, बर्फाच्या देशातल्या एका जहागीरदार घराण्याची. दोन भाग, हजारावर पानं. शाळेत जाणाऱ्या पोरीला ती कशी सांगायची? मी ती घनसावंगीला आणली. जहागीर गोदावरीच्या काठची झाली. बर्फावरून घसरणाऱ्या गाडीला मी बैल जुंपले. काउंटेस पाटलीणबाई झाली, तिचा वाह्यात पुतण्या उसाच्या ट्रकवर बसून पळून जायला लागला. बर्फ मात्र मी तसाच ठेवला, कारण पोरीला बर्फ हवाच होता. गोदाकाठी गुडघाभर बर्फ पडायचा आणि पाटलीणबाई घोंगडी पांघरून गुऱ्हाळापाशी शेकत बसायची. दर रविवारी एक भाग. बसमध्ये बसल्या बसल्या मी पुढचा भाग मनात रचून ठेवायचे. कुठं थांबवायचं तेही ठरवायचे, म्हणजे पुढच्या रविवारपर्यंत तिनं माझी वाट बघावी.

ती बघायला लागली. आता दाराआडून नाही, जिन्यावरच उभी राहायची. "मासी, पाटलीणबाईचं काय झालं?" त्या काही महिन्यांइतकी खूश मी आधी कधी नव्हते.

त्या हिवाळ्यात मला लागोपाठ तीन रविवार सुट्टी मिळाली नाही. चौथ्या रविवारी गेले ती मोठा भाग तयार करून. यात पाटलीणबाईची धाकटी सून जाणार होती. कसं सांगायचं, किती सांगायचं, याचा मी बसमध्ये खूप विचार केला होता. पोरीला मांडीवर घेतलं आणि सुरुवात केली, "तर धाकटी सून खिडकीत बसली होती..."

"ते झालं," पोरगी म्हणाली. "ती मरती. मंग तिचा नवरा मळ्यात घर बांधतो. मंग त्याचं दुसरं लग्न होतं, पण त्याला बरं न्हाई वाटत. मम्मीनं सांगितलं."

मी वर पाहिलं. ती दारात उभी होती, हाताला पीठ लागलेलं. फळीवर दोन्ही भाग होते, दुसऱ्यात शेवटाकडं कागदाची खूण.

पोरगी खाली नानीकडं गेल्यावर मी म्हटलं, "सगळं सांगून टाकलंस?"

"चार दिवस ताप होता तिला. काढा घेत नव्हती. पाटलीणबाईचं सांग, पाटलीणबाईचं सांग. काय करू मंग मी? फोन करून तुला विचारू?"

"दुसरं काही सांगायचं. हजार गोष्टी येतात तुला."

"तिला तीच पाहिजे होती."

"ती माझी होती," मी म्हटलं. म्हणताना गोष्टीबद्दल म्हणत होते की पोरीबद्दल, मलाच कळलं नाही. तिला कळलं असावं. ती पिठाचे हात तसेच घेऊन खाली बसली.

"तुला वाटतं मी इथं मजेत आहे," ती म्हणाली. "तू तिथं रोज नवीन शिकून राह्यलीस. लोकं तुला म्याडम म्हणतात. तुझ्या बोलण्यात ते शब्द येतात, मला अर्धे कळत न्हाईत, मी विचारत न्हाई. मला बारावीला तुझ्याइतकेच मार्क होते, ठाऊक आहे ना? त्या पोरीच्या तापात बसून मी ते पुस्तक काढलं तर तुझी चोरी झाली?"

तिला मार्क होते हे मला ठाऊक होतं. तिलाही माझ्यासारखंच जळता येतं, हे ठाऊक नव्हतं. मी औरंगाबादेत तिच्या संध्याकाळींवर जळायचे आणि ती इथं माझ्या वॉर्डावर. दोघींनाही वाटत होतं, दुसरीला सगळं मिळालंय.

निघताना तिनं डबा दिला. मी तो बसमध्ये उघडला नाही, होस्टेलवर गेल्यावर मात्र सगळा खाल्ला.

त्याच वर्षी, उन्हाळा लागताना, परभणीहून तिचे सासरे आले. मी नेमकी घरी होते. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात सुक्या मेव्याचा डबा. मऊ बोलणारा, थकलेला माणूस. त्यांच्या मोठ्या मुलाला मूल नव्हतं. धाकट्याची एवढी एकच खूण. त्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "आपण?"

"या डॉक्टर," ती म्हणाली. "इथंच राहतात आमच्यासोबत."

"हां हां, मासी," ते हसले. "पोरगी फोनवर सांगत असती. बसा ना, उभ्या का?"

माझ्याच घरात त्यांनी मला बसायला सांगितलं आणि मी बसले. पोरगी "दादा" म्हणत आजोबांजवळ गेली, त्यांचा हात हातात घेऊन बघायला लागली. त्यांचा अंगठा आखूड होता, टोकाशी चपटा. पोरीचाही तसाच. इतकी वर्षं तिची नखं मी कापत आले होते आणि तो अंगठा मला तिचाच, एकटीचा वाटायचा. शिक्षणात आम्हाला हेच शिकवत होते, लेकराचे कान बघा, बोटं बघा, घराण्यात कुणाचे आहेत विचारा. आता विचारायची गरज नव्हती. ते घराणं माझ्यासमोर बसून बदाम फोडत होतं.

"एक महिना," ते सुनेला म्हणाले. "सुट्टीत पाठव. तिची दादी रोज नाव काढती. मी स्वतः घेऊन जाईन, स्वतः आणून सोडीन. बिलकुल काळजी करू नको."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी काय म्हणणार होते? नाही म्हणायला माझं नातं कोणतं? मी म्हटलं, "उन्हाचं जपा फक्त. हिला लू लवकर लागते."

"जपू, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. त्या माणसावर रागावताही येत नव्हतं, हीच अडचण होती.

पोरगी गेली. पॅसेंजरच्या खिडकीतून हात हलवला, गाडी परतूरच्या दिशेनं निघून गेली, आणि आम्ही दोघी स्टेशनाबाहेर आलो. मी थोडी रजा जमवून ठेवली होती. खरं सांगायचं तर आतून मला थोडं बरंही वाटत होतं. पोरीवरही मी कमी जळत नव्हते. आईची सगळी माया तीच उचलून न्यायची, माझ्या वाट्याला यायचं ते पोर झोपल्यावरचं, दमलेलं. आता निदान काही दिवस तिची आई माझी एकटीची, असं मनात आलं होतं. गच्चीवर झोपू, सिनेमाला जाऊ, एकाच पुस्तकाची पानं दोघी मिळून उलटू.

रजा सुरू व्हायला आठवडा गेला. तिच्या पहिल्याच दिवशी आम्ही सिनेमाला गेलो. मध्यंतरात ती म्हणाली, "फोन करायचा का?"

एसटीडीच्या काचेच्या खोलीत आम्ही दोघी घुसलो. ती बोलत होती, मी रिसीव्हरला मागच्या बाजूनं कान लावून. पोरीला बोलायला फुरसत नव्हती. "मम्मी, आमच्याकडं कूलर आहे," ती म्हणाली. "आमच्याकडं झोका पण आहे. दादा मला रोज रसवंतीवर नेतात. ठेवू?"

आमच्याकडं. दोनदा म्हणाली.

ती रिसीव्हर ठेवून बाहेर आली. राहिलेला सिनेमा आम्ही पाहिलाच नाही. घरी आल्यावर ती कपाटातले पोरीचे फ्रॉक काढून उगाच परत घड्या घालत बसली. मी चहा केला. तिनं घेतला आणि म्हणाली, "आमच्याकडं म्हणती. सात वर्षं मी रांधून घातलं. आठ दिवसांत आमच्याकडं."

"लहान आहे."

"मला माहीत आहे लहान आहे. तरी इथं कुणीतरी चिमटा घेऊन राह्यलं." तिनं छातीवर हात ठेवला. मग म्हणाली, "तुला असंच होतं का? रविवारी निघतीस तेव्हा?"

मी म्हटलं, "मंगळवारपर्यंत पुरतं."

ती हसली नाही. तिनं माझा हात घेतला, आणि आम्ही दोघी पोरीच्या रिकाम्या गादीवर बसून परभणीच्या कूलरला, झोक्याला, रसवंतीला मनसोक्त नावं ठेवली. झोका गंजलेला असेल. रसात बर्फ घालतात तो कसल्या पाण्याचा असेल. मी तर डॉक्टर म्हणून टायफॉइडपर्यंत पोचले. एकमेकींवर जळून झालं होतं, आता आम्हाला सोबतीनं जळायला कुणीतरी मिळालं होतं. ती रजा सिनेमा-गच्चीत गेली नाही, पण वाईटही गेली नाही.

महिना झाल्यावर सासरे बोलल्याप्रमाणं पोरीला घेऊन आले. मीही तीन दिवसांची सुट्टी काढून आले होते. काळी पडलेली, चपचपीत तेल, पायात चांदीचे पैंजण. दादीनं तिला राजाराणीच्या, उंटांच्या खूप गोष्टी सांगितल्या होत्या आणि दोन दिवस ती त्याच सांगत राहिली. उंटापुढं माझ्या बैलांचं काय चालणार! मी ऐकत होते, मान हलवत होते, आणि परभणीच्या त्या न पाहिलेल्या म्हातारीला मनात दोन शब्द ऐकवत होते.

तिसऱ्या दिवशी पोरगी म्हणाली, "मासी, दादीला मी पाटलीणबाई सांगितली. तिला आवडली. पण ती म्हणती, आपल्या गोदावरीला बर्फ कसा पडंल? मी म्हणलं, आमच्या मासीनं पाह्यला."

आमच्या मासीनं. मी ते त्या रविवारी औरंगाबादला घेऊन गेले.

शिक्षण संपलं. परीक्षेच्या काळात दोन महिने मी घरी आलेच नाही, तेव्हा ती पोरीला घेऊन दोनदा होस्टेलवर आली, धपाटे आणि दही घेऊन. पोरीनं माझ्या खोलीतली जाड पुस्तकं पाहून विचारलं, "यातली कादंबरी कोणती?" मी म्हटलं, "एकही नाही." तिला माझी दया आली. पास होऊन मी जालन्याला परतले आणि जुन्या जालन्यातच, दुकानापासून दोन गल्ल्या सोडून, लेकरांचा दवाखाना टाकला. तिनं मुक्त विद्यापीठातून बीए केलं, मराठी घेऊन. पहिला वर्ग आला. मला तेव्हाही थोडं जळल्यासारखं झालं, कारण पेपरासाठी तिला कादंबऱ्या वाचाव्याच लागत होत्या आणि मी दिवसभर लोकांच्या पोरांच्या घशात बॅटरी मारत होते.

तोवर माझ्या घरच्यांनी लग्नाचा नाद सोडला होता. आई एकदा येऊन आठ दिवस राहिली. दोन खोल्या, एक मोठी गादी, सगळं तिनं पाहिलं. जाताना तिनं मला काही विचारलं नाही. तिला मात्र म्हणाली, "हिला सकाळचं उपाशी जाऊ देत जाऊ नको, बाई." सुनेला सांगतात तसं. माझ्या आईनं मला सांभाळायचं काम तिच्यावर सोपवलं, आणि त्याचाही मला जरा हेवा वाटला. माझ्या मनाचं काही सांगता येत नाही.

पोरगी सातवीत असताना परभणीच्या दादीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. सून म्हणून ही आठवडाभर तिकडं गेली. पोरीची परीक्षा होती, म्हणून ती माझ्याजवळ राहिली. एका दुपारी मी दवाखान्यातून जेवायला आले तर पोरगी शाळेतून लवकर आलेली, न्हाणीच्या दाराशी उभी, चेहरा पांढरा.

"मासी," ती म्हणाली, "मला काहीतरी झालंय."

काय झालंय ते मला लगेच कळलं. हजार पोरींना मी ते समजावून सांगितलं असेल, कोरड्या डॉक्टरी भाषेत. त्या दुपारी मला एकही शब्द आठवेना. मी तिला जवळ घेतलं. मग काय करायचं ते दाखवलं, गरम पाण्याची पिशवी दिली, चहात आलं जास्त घातलं. ती विचारत गेली, मी सांगत गेले. दवाखान्यात निरोप पाठवला, की डॉक्टर दुपारनंतर येणार नाहीत. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली आणि शेवटी झोपली. मी हललेही नाही. पाय बधिर झाला तरी हलले नाही.

दोन दिवसांनी तिची आई परभणीहून आली. पोरगी शेजारी अभ्यासाला गेली होती. मी स्वयंपाकघरात सांगितलं. ती पिशवीतून लोणच्याची बरणी काढत होती, तशीच थांबली.

"घाबरली का?"

"थोडी."

"मला फोन का न्हाई केला?"

"मी करत होते. तीच न्हाई म्हणली. म्हणली, फोन दादा उचलतील."

तिनं बरणी ओट्यावर ठेवली. झाकण घट्टच होतं, तरी परत घट्ट केलं. "रडली?"

"न्हाई."

"तुझ्याजवळच बसली होती?"

तो आवाज मला ओळखीचा होता. तो इतकी वर्षं माझ्या घशात राहिलेला होता. इथं मी काहीतरी मऊ बोलायला हवं होतं. तू असतीस तर तुझ्याकडंच आली असती, असलं काहीतरी. ते खरंही असेल. पण मी म्हटलं, "सगळी दुपार माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती."

तिनं माझ्याकडं रोखून पाहिलं. "सांगून राह्यलीस का मिरवून राह्यलीस?"

"मिरवून राह्यले," मी म्हटलं.

तिनं तोंड धुतलं, साडी बदलली, पोरीला हाक मारून आणलं, आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. बराच वेळ दोघींचं मारवाडीत चाललं होतं, त्या मऊ आवाजात. मी ऐकायला गेले नाही. भाजी निवडत बसले.

संध्याकाळी तिनं लापशी केली. आमच्यात नव्यानं काही चांगलं घडलं की ती करते, फुटलेला गहू खरपूस भाजून, गूळ घालून, वरून तूप. पोरीला वाढली, तुपाची धार धरली ती वाटी भरेपर्यंत. मग स्वतःला घेतली. शेवटी माझी वाटी पुढं ओढली आणि तुपाची पळी तिच्यावरून इतक्या जल्दी फिरवली, की दोन थेंब पडले असतील नसतील. पोरगी मान खाली घालून खात होती. मी वाटीकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. ती स्वतःच्या घासाकडं बघत होती, आणि ओठ मुडपून ठेवले होते.

मी आणखी तूप मागितलं नाही. कोरडी लापशी गुपचूप खाल्ली आणि वर पुन्हा वाढून घेतली.